हाज्जा तेब्राच्या गाण्यांची सीडी

हाज्जा तेब्रा दुकानात आली तेव्हा मी गच्चीवर लाल मिरच्या वाळत घालत होते. खालून नवऱ्यानं, मिलादनं, तीनदा हाक मारली. तिसरी हाक जरा रडकुंडीला आल्यासारखी वाटली, म्हणून हात न धुताच खाली धावले.

दुकान आमच्या घराखालीच, खुम्सच्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मिलाद तिथे पासपोर्टचे फोटो काढायचा, कागदांच्या झेरॉक्स करायचा, एका डिस्कवरून दुसरी डिस्क बनवून द्यायचा. मी दुकानात बसत नसे. सकाळी झाडून घ्यायचं आणि गिऱ्हाईक यायच्या आत जिन्याचं दार ओढून वर निघून जायचं, एवढाच माझा त्याच्याशी संबंध. कॉम्प्युटरवरची धूळ मी रोज पुसायचे, पण तो चालू असताना त्याला कधी बोट लावलं नव्हतं.

हाज्जा काउंटरसमोरच्या खुर्चीत ताठ बसली होती. पांढरी फराशिया डोक्यावरून अंगभर घट्ट लपेटलेली, मांडीवर रुमालात बांधलेलं काहीतरी. आमच्या गावात तिला न ओळखणारं घर सापडणार नाही. चाळीस वर्षं ती लग्नघरी बायकांच्या बैठकीत गायली. मेंदीच्या दिवशी नवरीला उंच आसनावर बसवलं की पहिलं गाणं तेब्राचं, हे ठरलेलंच. माझ्या लग्नातही तीच होती. पण गेली तीन वर्षं ती गात नव्हती. गळ्यात गाठी झाल्या, त्या कापून काढाव्या लागल्या, आणि मागे उरला तो गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज.

“बरं झालं आलीस,” ती त्या आवाजात म्हणाली. “तुझ्या नवऱ्याला मी काय मागतेय तेच कळत नाहीये.”

“कळतंय, हाज्जा, पण करायचं कसं?” मिलादनं कपाळ पुसलं. “नूरिया, या रुमालात लग्नाच्या व्हिडिओची डिस्क आहे. हाज्जाला त्यातला नुसता आवाज काढून गाण्यांची सीडी करून हवीय. आणि चित्र मी बघायचं नाही.”

“तू नाही, कुठल्याच पुरुषानं नाही. मी शपथ घेतलीय.”

मग तिनं सगळं सांगितलं. ती डिस्क औषधवाल्याच्या बायकोची, नुवाराची. पाच वर्षांपूर्वी तिच्या मुलीच्या लग्नात त्रिपोलीहून बाई बोलावून मेंदीच्या दिवसाचं चित्रण केलं होतं. त्यात गावातल्या सगळ्या बायका उघड्या डोक्यानं नाचताना, हसताना दिसतात. अशी डिस्क कुणी घराबाहेर काढत नाही. पण तेब्राचं गाणं भरून ठेवलंय अशी तिच्या माहितीत ती एकच. आयुष्यभर तिनं कुणाला टेप लावू दिला नव्हता. कॅसेटवाले दारात आले तर म्हणायची, माझा आवाज म्हणजे काय बकरी आहे, दोरी लावून न्यायला? आणि आता तिच्या भाचीची मुलगी सालमीन गाणं शिकायला येऊन बसत होती, एकोणीस वर्षांची, चांगल्या गळ्याची, आणि हाज्जाला तिला एक ओळही गाऊन दाखवता येत नव्हती.

“शब्द सांगते मी तिला. पण चाल काय सांगून येते?” हाज्जा म्हणाली. “शेवटी नुवाराच्या दारात गेले. ती बिचारी भली. म्हणाली, आवाज तुमचाच आहे हाज्जा, तो न्या. चेहरे आमचे आहेत, ते कुणाला दिसता कामा नयेत.”

“मी डोळे मिटून घेतो ना,” मिलाद म्हणाला.

“तुझ्यावर विश्वास आहे रे माझा. पण शपथ विश्वासाची नाही, डोळ्यांची घेतलीय.”

मिलादनं डिस्ककडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला त्याचा विचार चेहऱ्यावरच दिसला.

“अजिबात नाही,” मी म्हणाले. “मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. शिवाय माझे मिरचीचे हात आहेत.”

“धुऊन ये,” हाज्जा म्हणाली.

दुपारी गाव जेवून आडवं होतं, त्या वेळेला आम्ही शटर अर्धं खाली ओढलं. मी कॉम्प्युटरसमोर बसले, हाज्जा माझ्या शेजारी. मिलाद जिन्याच्या पायरीवर आमच्याकडे पाठ करून बसला आणि भिंतीशी बोलायला लागला.

“डिस्क आत सारलीस? आता डावीकडे वर काय दिसतंय?”

“घड्याळ.”

“कुठलं घड्याळ?”

“भिंतीवरचं.”

“नूरिया, स्क्रीनवर! भिंत मी बघतोय!”

हाज्जा खुदकन हसली. माझे कान तापले. त्यानं सांगितलं तसं मी चार ठिकाणी दाबलं, पाचव्या ठिकाणी चुकलं, आणि एकदम स्क्रीनभर नुवाराची सासू हात वर करून नाचायला लागली. स्पीकरमधून बायकांच्या आरोळ्यांचा असा गलका उठला की मिलाद दचकून उभा राहिला. मागे वळायचं नाही एवढं त्याच्या लक्षात होतं, म्हणून तो सरळ पुढे पळाला. शटर अर्धं खाली आहे हे मात्र विसरला. कपाळावर आपटल्याचा आवाज आरोळ्यांच्या वरताण आला.

समोरचा न्हावी दुकानाच्या दारातच स्टूल टाकून बसला होता. “काय मिलाद, बायकोनं हाकललं?”

“हो,” मिलाद कपाळ चोळत म्हणाला. काय सांगणार बिचारा!

मी कसंबसं ते बंद केलं. मिलाद परत आला तो डोळ्यांवर हात ठेवूनच, आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला. त्या दिवशी तो एकदाही चिडला नाही, हे मला आजही आठवतं. शेवटी ‘फक्त आवाज’ असं लिहिलेली ओळ सापडली. तिच्यासमोर खूण केली, चित्रासमोरची खूण काढली, आणि एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकायला लागली. तेवढ्या वेळात आमचा शेंगदाणे घातलेला चहा दोनदा झाला.

पहिली सीडी दुसऱ्या दिवशी तयार झाली. आवाज ऐकायला मिलादला मुभा होती, म्हणून तिघांनी मिळून ती प्लेअरवर लावली. डफ वाजला, जरा जडच वाजला. आणि मग गाणं सुरू झालं. जाड, संथ, झोपेतून उठल्यासारखं.

हाज्जानं माझ्याकडे पाहिलं. “हा कोण बैल गातोय?”

मिलाद पोट धरून हसला. मग म्हणाला, “चूक माझी. सांगायचं राहिलं. व्हिडिओच्या डिस्कवर आवाज एका मापानं भरतात, गाण्याच्या सीडीवर दुसऱ्या. मधे माप बदलून घ्यावं लागतं. नाहीतर आवाज असा जाडा आणि सुस्त होतो.”

म्हणजे सगळं पुन्हा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण त्या सीडीच्या कागदावर मी आदल्या रात्रीच, जपून ठेवलेलं चांगलं पेन वापरून नाव लिहिलं होतं. मला वाटलं, आता ही बाई डिस्क रुमालात बांधेल आणि निघून जाईल.

हाज्जानं माझ्या पाठीवर थाप मारली. “मी पहिल्यांदा गायले ना, तेव्हा नवरीची आजी उठून नमाजाला गेली होती. आणि नमाजाची वेळही नव्हती. चल, लाव परत.”

दुसऱ्यांदा माप बरोबर जमलं. पण व्हिडिओ तीन तासांचा आणि सीडीवर मावतात ऐंशी मिनिटं. तेव्हा गाणी निवडायची, आणि प्रत्येक गाणं कुठे सुरू होतं, कुठे संपतं, ते ऐकून कापायचं. स्क्रीनवर आता चित्र नव्हतंच, नुसती आवाजाची उंचसखल रेघ होती, त्यामुळे मिलादनं शेजारी उभं राहून मला कापणं, जोडणं दाखवलं आणि तो आपल्या कामाला लागला. पुढचं मी एकटीनं केलं. तीन दुपारी हाज्जा आणि मी तिथे बसलो. हेडफोन कानाला लावून मी पुढेमागे करायचे. बायकांची मधली बडबड, सरबताचे पेले, कुणाच्या तरी मुलाचं रडणं, हे काढून टाकायचे. हळूहळू रेघ बघूनच मला कळायला लागलं, इथे डफ आहे, इथे आरोळी आहे, इथे हाज्जा श्वास घेतेय. एवढा आनंद मला कशात झाला होता, आठवत नाही.

एकच ओळ पन्नासदा ऐकली की जे एरवी ऐकू येत नाही ते ऐकू यायला लागतं. तिसऱ्या दुपारी मी सहज विचारलं, “हाज्जा, वरचा सूर लावणारी कोण आहे हो?”

“मी. दुसरं कोण असणार?”

“नाही, तुमचा आवाज इथे थांबतो. आणि इथून दुसरी उचलते.”

“तुला काय कळतं गाण्यातलं, पोरी? दे इकडे.”

तिनं डोक्यावरच्या फडक्यावरूनच हेडफोन चढवला. मी ती ओळ लावली. तिनं बोटानं खूण केली, परत. मी परत लावली. पाच वेळा, सात वेळा. दुसरं गाणं लाव म्हणाली. तिथेही तेच. ओळ वर चढायला लागली की हाज्जाचा आवाज चिरकायच्या बेतात यायचा, त्याच क्षणी डफ जोरात वाजायचा, आणि डफाखालून दुसरा एक आवाज यायचा, तिच्यासारखाच, पण भरलेला. तो ओळ वर नेऊन ठेवायचा. उतरताना पुन्हा हाज्जा. सांधा असा की समोर बसलेल्या बायकांनाही कळला नसावा. मी स्वतः त्या दिवशी तिथे होते, मलाही कळला नव्हता. आपण गाणारीच्या तोंडाकडे बघत असतो ना.

हाज्जानं हेडफोन काढून मांडीवर ठेवला. “ते चित्र लाव,” ती म्हणाली.

मी जिन्याचं दार लावून आले, शटर पुरतं खाली ओढलं, डिस्क घातली. तेब्रा मधोमध बसलेली, सोन्याचे दागिने घातलेली, मान उंच. तिच्या डाव्या हाताला तिची तेव्हाची डफवाली मसऊदा, डफ घेऊन. ओळ वर चढायला लागली. हाज्जाचे ओठ उघडले. आणि मसऊदानं डफ उचलून तोंडासमोर धरला आणि मान खाली घातली. ओळ उतरली, डफ खाली आला. पुढच्या गाण्यातही तसंच. तोंड कुणाला दिसू नये म्हणून ती डफाच्या आड गात होती.

मसऊदाचं आणि तेब्राचं काय झालं ते सगळ्या गावाला माहीत होतं. सव्वीस वर्षं दोघी बरोबर होत्या. नुवाराकडच्या लग्नानंतर वर्षभरात कधीतरी, दुसऱ्या एका लग्नात, तेब्रा भर अंगणात तिला म्हणाली होती, “डफानं गाण्याच्या मागून चालायचं असतं. तू माझ्या डोक्यावर चढून बसतेस. माझा आवाज बुडवायला येतेस का?” मसऊदानं डफ कापडात गुंडाळला आणि उठून गेली. त्यानंतर चार वर्षं एक शब्द नाही. दुसरी डफवाली आली, आणि पहिल्याच मोसमात बायका कुजबुजायला लागल्या की तेब्राचा आवाज गेला.

“मला वाटलं, तिची दृष्ट लागली,” हाज्जा हळूच म्हणाली. “मी हे लोकांना सांगितलंसुद्धा.”

मी तिच्यासाठी पाणी आणलं. ती प्यायली आणि पेला काउंटरवर ठेवला.

“सीडी कधी होईल?”

“उद्या.”

“ते सूर कापू नकोस हं. एकही कापू नकोस.”

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मिलादनं आम्हाला गाडीनं मसऊदाकडे नेलं. ती गावाबाहेर सीलीनच्या बाजूला राहायची, भावाच्या जैतुनाच्या बागेत. अंगणात जमिनीवर बसून दगडानं बदाम फोडत होती. आमच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा एक बदाम फोडला.

हाज्जा तिच्यासमोर उभी राहिली. वाटेत तिनं बरंच काही ठरवलं होतं, मला म्हणूनही दाखवलं होतं. त्यातलं एक अक्षर बाहेर आलं नाही.

“मी ऐकलं,” एवढंच म्हणाली.

“काय ऐकलंस?”

“नुवाराच्या पोरीचं लग्न. डफाच्या मागे तू होतीस.”

मसऊदाचा हात थांबला. “पाच वर्षं लागली तुला ऐकायला?”

“सांगितलं का नाहीस मला?”

“सांगून काय झालं असतं? पुढच्या ओळीला घाबरली असतीस. घाबरल्या गळ्यातून काय निघणार? आणि तिथे नवरी बसली होती आसनावर. तिचा दिवस होता तो. त्यात आपलं रडगाणं कुठे काढायचं?”

“आणि मी चारचौघींत तुला बोलले तेव्हा? तेव्हा तरी बोलायचंस!”

“तेव्हा फार राग आला होता.” मसऊदानं बदामाचा गर टोपलीत टाकला. “अजून आहे. उभी काय राहिलीस, बस. तो दुसरा दगड घे.”

हाज्जा बसली नाही. तिनं वाकून मसऊदाचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि कपाळाचं चुंबन घेतलं, एकदा, दोनदा, मग हातांचं. “तू माझी लाज राखलीस,” ती म्हणत होती, “अल्लाह तुझं भलं करो, तू माझी लाज राखलीस, आणि मी तुझी घालवली.” तिचा तो गंजलेला आवाज पार फुटला. मसऊदा पुटपुटत राहिली, “पुरे, पुरे, बदाम सांडतील,” आणि बोलता बोलता स्वतःच रडायला लागली. मी तोंड फिरवलं. मिलाद कुंपणापाशी मसऊदाच्या भावाबरोबर उभा होता; दोघं एका झाडाचं खोड इतक्या बारकाईनं बघत होते, जणू त्यात काही लिहिलंय.

सीडी ऐकायला त्या घरात काही नव्हतं, म्हणून दोघी आमच्या गाडीत जाऊन बसल्या, दारं उघडी टाकून. मी पुढच्या सीटवर. पहिल्या गाण्यात मसऊदा डोळे मिटून बसली होती. दुसऱ्यात तिनं एकदम डोळे उघडले.

“इथे मी उशिरा उचललं.”

“कुठे उशिरा? बरोबर तर आहे,” हाज्जा म्हणाली.

“तुला काय, तू श्वास घेत होतीस. नूरिया, मागे घे जरा.”

मी मागे घेतलं. एकदा नाही, चार वेळा. निघेपर्यंत दोघी त्याच एका ओळीवर वाद घालत होत्या, आणि गाडी निघाली तरी मसऊदा खिडकीशी चालत हाज्जाला सांगत होती की तो ठोका तिथे नव्हताच.

त्यानंतर मसऊदा दर गुरुवारी हाज्जाच्या घरी यायला लागली. शब्द तेब्रा सांगायची, वरची ओळ मसऊदा गाऊन दाखवायची, आणि दोघींचं पटलं नाही की सालमीन सीडी लावायची. पोरीनं वर्षभरात बारा गाणी उचलली.

नुवाराची डिस्क हाज्जानं त्याच रुमालात बांधून परत केली, सोबत सीडीची एक प्रत. चार दिवसांनी नुवारा स्वतः आली, आणि दुकानात न जाता जिन्यानं वर. फराशियाखालून तिच्या बहिणीच्या लग्नाची डिस्क काढली. “कापून गाणी काढून दे,” म्हणाली, “आणि माझ्या नणंदेचीही एक आहे, तिला सांगू का?” मग वहिन्या आल्या, शेजारणी आल्या, त्रिपोलीची ती चित्रण करणारी बाईसुद्धा एकदा आली. कपाटांच्या तळाशी कपड्यांखाली पडून राहिलेली किती लग्नं होती गावात! मिलादनं दुसरा कॉम्प्युटर आणून वरच्या खोलीत लावला. आता मी तिथे बसते. अडलं की जिन्यातून त्याला हाक मारते, पण हल्ली तोच मला जास्त विचारायला येतो.

लोक मला म्हणतात, तू हाज्जासाठी केवढं केलंस. मी त्यांना सांगते, उलटं आहे. एकतिसाव्या वर्षापर्यंत मला कुणी विचारलं असतं की तुला काय येतं, तर मी मिरच्या वाळवणं आणि भाकरी भाजणं सांगितलं असतं. ती बाई येऊन ‘हात धुऊन ये’ म्हणाली नसती, तर आपल्याला असे कान आहेत हे मला कळलंच नसतं. आणि मिलाद. दुसरा एखादा म्हणाला असता, राहू द्या हाज्जा, जमायचं नाही. हा कपाळावर टेंगूळ घेऊन भिंतीशी बोलत राहिला. त्या दोघांचं नाव मी पाचही नमाजांत घेते.

सीडीच्या कागदावर काय लिहायचं, ते मी हाज्जाला विचारलं होतं. पहिल्या, बिघडलेल्या सीडीवर मी नुसतं ‘हाज्जा तेब्रा’ लिहिलं होतं. ती म्हणाली, “दोन नावं लिही. मसऊदाचं आधी.”

मी लिहिलं. तिनं कागद लांब धरून पाहिला. तिला वाचता येत नव्हतं, पण ओळी मोजता येत होत्या.

“आता खाली तुझं.”

“मी कुठे गायले, हाज्जा?”

“काढलं कुणी मग ते गाणं? लिही. जरा बारीक लिही, पण लिही.”

मी लिहिलं. अक्षर थोडं वाकडं आलं. मिलाद म्हणाला, दुसरा कागद घे, छापून देतो. हाज्जानं तो कागद त्याच्या हातून काढून घेतला आणि म्हणाली, “राहू दे असंच.”